काचवाल्यांचं पडणं

पडावं ते काचवाल्यांनी. तुम्ही-आम्ही पडतो त्याला पडणं म्हणत नाहीत, आदळणं म्हणतात. काचवाले पडायचे तेव्हा आधी अंग गोल व्हायचं, मग पाठ अलगद गादीला लागायची आणि शेवटी हात असा काही सपकन आपटायचा, की खालच्या गॅरेजमधला मिस्त्री गाडीखालून ओरडायचा, "वा, काचवाले, वा!" बघणाऱ्यालाही वाटायचं, आपण एकदा पडून बघावं.

हे ज्युडोच्या क्लासचं चाललंय, बरं का. गॅरेजच्या डोक्यावर एक लांबट हॉल, जमिनीवर गाद्या, खिडकीतून येणारा टायरचा वास आणि एका भिंतीवर हा एवढा थोरला आरसा. तो आरसा बसवायला म्हणूनच काचवाले पहिल्यांदा तिथे आले. माणसाच्या उंचीची काच दोन्ही हातांत धरून ते दारातून आत शिरले, आणि दारात कुणीतरी काढून ठेवलेल्या बुटावर त्यांचा पाय पडला. झालं! पाय वर, माणूस खाली. अख्ख्या क्लासने डोळे मिटून घेतले. उघडून बघतात तर काचवाले उताणे, काच छातीवर जशीच्या तशी, साधा चरादेखील नाही, आणि तसेच पडल्या पडल्या ते विचारतायत, "बूट कुणाचे रे हे? दारात काढतात का?"

क्लासचे मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले कसरतीचे शिक्षक. बारीक मिशी, ताठ मान, बोलणं जड. ते काचवाल्यांकडे बघतच राहिले. "पडायला शिकण्यात पोरांची वर्षं जातात. तुम्ही कुठे शिकलात?"

"धंद्यात," काचवाले म्हणाले. "काच फुटली की गिऱ्हाईक तुटतं, साहेब."

आरसा त्याच दिवशी बसला आणि पुढच्या आठवड्यात काचवाले पांढरा अंगरखा घालून त्याच आरशासमोर उभे राहिले. स्वतःला बघून त्यांना हसू आलं, पण बायकोला सांगताना मात्र म्हणाले, "मास्तरांनी फार आग्रह केला, नाही म्हणवेना."

आता क्लासची परीक्षा कशी असायची, ते ऐका. जोडीदार आणायचा, त्याचा अंगरखा धरायचा आणि शिकवलेल्या रीतीने त्याला पाडून दाखवायचं. नीट पाडलं की वरच्या रंगाचा पट्टा. पांढऱ्याचा पिवळा, पिवळ्याचा नारिंगी, नारिंगीचा हिरवा. मग जोडीदार कोण हवा? काचवाले! परीक्षा जवळ आली की त्यांना चहा पाजायला चढाओढ लागायची. कॉलरला नुसता हात लावला आणि कंबर जराशी वळवली की पुरे, उरलेलं काम काचवाले स्वतःच करायचे. करखात्यातला एक कारकून होता, जिना चढून आला की आधी खुर्ची शोधायचा. तोसुद्धा काचवाल्यांना पाडून पाडून हिरवा झाला. मास्तर तर खूश! "माझ्या क्लासात बघा, एक पांढरा शिल्लक नाही," असं जो भेटेल त्याला सांगायचे.

काचवाल्यांची स्वतःची परीक्षा मात्र रखडत चालायची. पडण्याचे गुण पैकीच्या पैकी, पाडण्याचे जेमतेम. समोरच्याला पाडायचं म्हटलं की यांना त्याच्याच पाठीची काळजी. तरी रखडत का होईना, तेही हिरव्यापर्यंत पोचले आणि तिथेच मुक्काम ठोकून बसले.

आणि मग त्यांची लेक क्लासला यायला लागली.

हिला क्लासात ठिणगी म्हणायचे, घरीही तेच म्हणायला लागले, कारण नाव चपखल होतं. अंगाने काटकुळी, नाकावर राग. आता गंमत अशी की क्लासात 'बाबा' हा शब्द बंद. गादीवर वय बघायचं नाही, पट्टा बघायचा, हा मास्तरांचा नियमच होता. ज्याचा पट्टा वरचा तो दादा, जिचा वरचा ती ताई, मग पुढ्यात स्वतःचा आजोबा का असेना. खालच्याने आधी वाकायचं, वरच्याला पाणी आणून द्यायचं आणि क्लास सुटल्यावर त्याची गादीही उचलून ठेवायची. पट्टा सारखा झाला की मग कुणी कुणाचं काही नाही.

काचवाल्यांनी या नियमाची इतकी मजा लुटली की विचारू नका. ठिणगी पांढरी आणि हे हिरवे. "पाणी आण गं," म्हणायचं. तिने दात ओठ खात "घ्या दादा" म्हटलं की यांची कळी खुलायची. पुढे पुढे हे घरीही सुरू झालं. "दादाचा चष्मा कुठाय?" "दादाला उशी दे." बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची, दिवसभर लोकांची दुखणी ऐकून तिच्या जिभेला चांगलीच धार आली होती. ती म्हणाली, "अहो, सख्ख्या लेकीकडून दादा म्हणवून घेताय, लाज नाही वाटत? मग मी कोण हिची, वहिनी?"

पण दिवस काही सारखे राहत नाहीत. ठिणगी पिवळी झाली, नारिंगी झाली, आणि बापालाच भिरकावून हिरवीही झाली. दोघं एका पट्टीत. 'दादा' बंद. आणि त्याच सुमाराला मास्तरांनी जाहीर केलं की या वेळी क्लास स्पर्धेला जाणार. कारण निळा पट्टा क्लासात मिळत नाही. तो हवा तर स्पर्धेत निदान एक कुस्ती जिंकावीच लागते, असा वरच्या संघटनेचा नियम. मास्तरांना आजवर स्पर्धेचं वावडं होतं, पण पलीकडच्या गल्लीतल्या क्लासने दारावर 'आमचे निळे पट्टे' असा फलक लावला आणि मास्तरांचं तत्त्वज्ञान बदललं.

ठिणगीच्या डोळ्यांत तेव्हापासून जी चमक आली ती काचवाल्यांची झोप उडवायला पुरेशी होती. सकाळी पावाला लोणी लावता लावता ती म्हणायची, "बाबा, सवय करून घ्या. म्हणा, ता... ई."

"आधी जिंक तर."

"जिंकणारच. पहिल्या दिवशी पाणी. मग गादी. आणि घरी आठवडाभर भांडी. कढईसकट."

काचवाले वरवर हसायचे. ही पोरगी जिंकणार यात त्यांना शंकाच नव्हती. स्वतः तिच्या हातून किती वेळा उडाले होते! आणि आपण? आपण जन्मात कुणाला हरवलं नाही. पट्टा गेला तर गेला, पण या कार्टीला भर क्लासात वाकून 'ताई' म्हणायचं? ते जमणं शक्य नव्हतं.

म्हणून एका सकाळी, लेक बाहेर गेलेली बघून, ते स्वयंपाकघरात शिरले. "अगं, जरा माझी कॉलर धर आणि ओढ. मी उभा राहायचा सराव करतोय."

बायकोने ओले हात पदराला पुसले, कॉलर धरली, आणि काचवाले फ्रिज आणि ओट्याच्या मधोमध आडवे. फरशीवर हात सपकन.

"अहो, मी अजून ओढलंच नाही!"

"माहितीये."

"मग पडलात कशाला?"

"अंग आपोआप जातं गं. कुणी धरलं की जातंच."

"लग्नात मी हात धरला तेव्हा बरे उभे राहिलात," बायको म्हणाली. मग तिला त्यांची दया आली. "हे बघा, कुणी धरलं की मनात म्हणायचं, नाही पडत जा! दिवसभर घोका."

काचवाल्यांनी घोकलं. काच कापताना, मोजताना, खिडकीच्या फटीत लांबी भरताना, सारखं आपलं "नाही पडत जा, नाही पडत जा." एका गिऱ्हाईकाने दचकून विचारलं, "काय नाही पडत?" काचवाल्यांनी वेळ मारून नेली, "काच, साहेब. आम्ही बसवलेली काच पडत नाही."

स्पर्धेचा दिवस उजाडला. मोठा बंदिस्त हॉल, ओळीने गाद्या, मलमाचा वास, आणि मधूनच खोकणारा लाऊडस्पीकर. मास्तर आपली हिरवी पलटण घेऊन आत शिरले तेव्हा बाकीचे क्लास माना वळवून बघायला लागले. एवढे हिरवे एका ठिकाणी! भारी क्लास दिसतोय. मास्तरांची छाती फुगली. काचवाल्यांची बायको मलमपट्टीची पिशवी घेऊन बाकावर बसली.

पहिला गेला कारकून. त्याने वाकून नमस्कार केला, समोरच्याचा अंगरखा धरला, कंबर छान वळवली आणि थांबला. थांबूनच राहिला. समोरचा गडी काही उडेना. त्यालाही कळेना की या गृहस्थांना नेमकं काय हवंय. थोडा वेळ त्याने सभ्यपणे वाट पाहिली आणि मग कारकुनाला उचलून गादीवर ठेवलं. पाठ टेकली, खेळ खलास.

"नशीब एकेकाचं," मास्तर म्हणाले.

दुसरा गेला, तोही तसाच. कॉलर धरली, वळला, थांबला, पडला. तिसराही तसाच. मास्तर आधी उभे होते, मग बसले, मग त्यांनी डोक्यावरून टॉवेल घेतला. पलीकडच्या गल्लीवाले आता उघड उघड फिदीफिदी हसत होते.

आणि काचवाल्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे सगळे आपल्यावर शिकलेत. या लोकांनी आजवर एकाही न पडणाऱ्या माणसाला हात लावलेला नाही. कॉलर धरायची, वळायचं आणि बाकीचं काचवाले बघून घेतील, एवढीच यांची विद्या! आणि स्पीकरवर तर आता ठिणगीचा पुकारा झाला होता.

"अगं, ती आपणहून नाही पडणार!" असं ओरडावंसं त्यांना वाटलं, पण भर हॉलमध्ये हे काय ओरडणार? ठिणगी झपझप गेली, धरलं, वळली. अगदी पुस्तकात असावं तसं वळली. समोरची मुलगी जागची हलली नाही. ठिणगीने मान वळवून मागे बघितलं. आपल्याच घराच्या कुलपाला आपलीच किल्ली लागू नये, तसा तिचा चेहरा झाला. पुढच्या क्षणी ती पाठीवर होती.

ती येऊन बाकावर बसली. आईने पाण्याची बाटली पुढे केली, तिने घेतली नाही. बापाकडे न बघता तिने विचारलं, "बाबा, मी तुम्हाला कधी खरं पाडलंय का?"

काचवाले पट्ट्याची गाठ सोडून पुन्हा बांधायला लागले.

"बोला ना. एकदा तरी?"

"आठवत नाही गं," ते म्हणाले. खोटं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं, पण त्या डोळ्यांपुढे ते जमेना. ठिणगीने तोंड फिरवलं. तेवढ्यात स्पीकर खोकला आणि प्रौढ गटातून काचवाल्यांना बोलावलं.

समोर होता एक बेकरीवाला. गोल, गोरा, घामाघूम, तोही हिरवा. पंचांनी खूण केली, दोघांनी एकमेकांची कॉलर धरली, आणि दोघंही एकदम पडले. काय पडले म्हणून सांगू! दोन्ही अंगं गोल, दोन्ही पाठी अलगद, दोन हात एकाच वेळी सपकन. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. पंच चक्रावले. कुणी कुणाला पाडलं?

"उठा," पंच म्हणाले. "धक्का न लागता पडायचं नाही. दोघांनाही ताकीद."

पुन्हा धरलं. काचवाले मनात म्हणतायत, नाही पडत जा, नाही पडत जा, आणि म्हणता म्हणता आडवे. शेजारी बेकरीवालाही आडवा. दोघांनी पडल्या पडल्या एकमेकांकडे बघितलं आणि ओळख पटली.

"तुम्हीसुद्धा?" बेकरीवाला कुजबुजला.

"हो ना," काचवाले म्हणाले.

"आमचा क्लास सकाळपासून साफ झोपलाय हो."

"आमचाही."

पंचांनी दोघांना उठवलं. शेवटची ताकीद. आता जो उगाच पडेल तो बाद. हॉल खदाखदा हसत होता. काचवाल्यांनी बाकाकडे बघितलं. बायको हसत नव्हती. आणि ठिणगी बघतच नव्हती, मान खाली घालून अंगरख्याची शिवण उसवत बसली होती. काचवाल्यांना एकदम स्वतःच्या पडण्याचा वीट आला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणासाठीही पडावंसं वाटेना. ते उभे राहिले. बेकरीवालाही थरथरत उभा राहिला. दोघं उभे, नुसते उभे. शेवटी काचवाल्यांच्या पट्ट्याची गाठ सुटायला आली, म्हणून ती सावरायला त्यांनी एक हात काढला, आणि तो हात हललेला बघून बेकरीवाला जो काही सुरेख पडला, त्याला तोड नाही.

पंचांनी काचवाल्यांचा हात वर केला. जिंकले! क्लासातला एकमेव विजय. संध्याकाळी हस्तांदोलन, फोटो आणि कमरेला निळा पट्टा.

घरी येताना काचवाले पट्टा काढून त्याची घडी घालत आणि उलगडत राहिले. शेवटी काचवाले म्हणाले, "मी परत करतो हा पट्टा. मी काय जिंकलो, तो पडला."

"नको," ठिणगी म्हणाली. "नियम तो नियम. दादा."

चिडून म्हणाली असती तर चाललं असतं. पण ती अगदी सपाट आवाजात म्हणाली, जसं वाण्याला म्हणावं. ज्या शब्दाची एवढी चैन केली होती तो शब्द काचवाल्यांना आज काट्यासारखा टोचला. त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. लाडाने पडून पडून आपण पोरीला फसवलं, हेच सारखं मनात येत राहिलं.

पुढच्या क्लासला ती आली, वाकली, तिने पाणी आणून दिलं. मग म्हणाली, "दादा, एक विनंती आहे. आजपासून पडायचं नाही."

"बरं."

"मला बरं वाटावं म्हणूनही नाही."

"बरं म्हटलं ना."

पण बोलणं सोपं होतं. तिने कॉलर धरली की काचवाल्यांचं सगळं अंग जायला निघायचं, आणि ते पायाची बोटं गादीत रुतवून त्याला धरून ठेवायचे. ठिणगी ओढायची, वळायची, घसरायची, स्वतःच पडायची. पुन्हा उठायची. त्या दिवशी नाही जमलं. दुसऱ्या दिवशी नाही. आठवडे गेले तरी नाही. क्लासातली बाकीची मंडळी आपलं काम सोडून कडेला उभी राहून बघायची, कारण त्यांनाही कळत होतं की इथे आपल्या सगळ्यांचा निकाल लागतोय. एकदा तिचे डोळे भरून आलेले बघून काचवाल्यांना राहवेना. ते हळूच म्हणाले, "थोडासा पडू का गं?"

"पडलात तर आईची शपथ, जन्मात बोलणार नाही!"

घरी बायको वैतागली. "जेवताना तरी एकमेकांकडे असे बघू नका. घास उतरत नाही मला."

मग एक दिवस असा आला की त्यात वेगळं काहीच नव्हतं. ठिणगीने कॉलर धरली. काचवाले नेहमीसारखे पाय रोवून उभे. ती ओढत होती तशीच एकदम खाली बसली, इतकी खाली की तिचं डोकं यांच्या छातीखाली गेलं, आणि काचवाल्यांच्या पायाने त्यांना न विचारता जमीन सोडली. अंग गोल करायला वेळ मिळाला नाही. हात आपटायचा राहूनच गेला. धप्पकन, वेडेवाकडे, पोत्यासारखे ते गादीच्या काठावर आदळले आणि त्यांचा श्वासच अडकला.

मास्तर धावले. ठिणगी जागच्या जागी उभी, स्वतःच्या हातांकडे बघत. तिचा विश्वास बसेना. एवढ्या वेळा फसल्यावर कसा बसणार?

"पडलात की पाडलं?" तिने विचारलं. "खरं सांगा. माझं मन राखायला पडलात ना?"

काचवाल्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी कसाबसा श्वास घेतला आणि बाही वर करून हात पुढे केला. कोपर चांगलंच सोललं होतं, रक्त आलं होतं.

"बघ," ते म्हणाले. "मी कधी कोपरावर पडतो का?"

ठिणगीने वाकून ते कोपर नीट बघितलं, बोट लावून बघितलं, काचवाले "आई गं!" म्हणून कळवळले, आणि बापाचं रक्त बघून ती कार्टी आनंदाने नाचायला लागली.